जुनं कपाट रंगवताय? घासण्याआधी हे वाचा

पातूर : अकोल्याहून नवं फर्निचर आणण्यापेक्षा जुनं सागवानी कपाट घेऊन रंगवणं स्वस्त पडतं. पण धोका असतो तो जुन्या रंगाच्या थरात.

कारण काय?
घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते. लहान मुलांच्या मेंदूला ती घातक ठरते.

काय कराल?
• पाय, मागची फळी तपासा. वाळवी असेल तर घेऊ नका.
• पाणी लावून वॉटर पेपरने घासा. मास्क लावा, मुलांना दूर ठेवा.
• ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा.
• आधी प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात.
• नवा डबा घेताना त्यावरचं शिशाचं प्रमाण वाचा.