माझे अशील अवघे दीड महिन्याचे!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी ज्या खोलीत काम करते तिथे पायरीच नाही! उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. निर्णय देणारी मंडळी आणि ज्याच्याविषयी निर्णय द्यायचा ते मूल समोरासमोर बसतात. पोलीस येतो तोही साध्या कपड्यांत. हे कुणाच्या हौसेखातर नव्हे. नियमांतच तसे लिहिले आहे.

ही खोली बालकल्याण समितीची आणि मी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’. हे नाव उच्चारता उच्चारता दम लागतो, म्हणून लोक मला नुसते ‘वकीलबाई’ म्हणतात. आमच्या शेजारच्या काकू मात्र अजून विचारतात, “म्हणजे तुम्ही त्या रिमांड होममधल्या ना?”

काकूंचे फारसे चुकत नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी कायदा झाला १९२४ साली. पुढे १९४८ साली नवा आला. त्या काळापासून तो शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे. त्यानंतर साऱ्या देशासाठी १९८६ आणि २००० साली कायदे झाले, आणि आज चालतो तो २०१५ चा बाल न्याय अधिनियम. हा कायदा मुलांचे दोन प्रकार मानतो. ज्याच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे ते मूल बाल न्याय मंडळापुढे जाते. ज्याला काळजीची आणि संरक्षणाची गरज आहे, म्हणजे टाकलेले, हरवलेले, छळलेले, कामाला जुंपलेले, ते आमच्या समितीपुढे येते. असे मूल सापडले की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांना प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार.

आता तुम्ही विचाराल, इथे वकिलाचे काम काय? भांडायचे कुणाशी?

मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडे. फौजदारी कोर्टात सरकारी वकिलाला आपली बाजू ठाऊक असते. इथे एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला बहुधा त्याचीच आई, आणि मधे सरकार. पगार सरकारचा, पण कायदा सांगतो की मुलाचे हित सर्वांत आधी पाहा. आणि त्याच कायद्याच्या पहिल्या पानांत हेही लिहिले आहे, की मुलाला वाढवण्याची जबाबदारी प्रथम कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय. ही वाक्ये वाचायला सोपी आहेत. समोर माणसे बसली की ती एकमेकांशी भांडू लागतात. ते भांडण सोडवणे म्हणजे माझी वकिली.

एक हकीगत सांगते. नाव-गाव विचारू नका. अशा मुलांची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिने कैद किंवा दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते, आणि ते योग्यच आहे.

बावीस वर्षांची मुलगी. कापडाच्या दुकानात नोकरी. लग्नाचे वचन देणारा वचनासकट नाहीसा झाला. घरच्यांनी दार लावून घेतले. बाळ झाल्यावर चौथ्या दिवशी तिने समितीपुढे ते सोडून देत असल्याच्या लेखावर सही केली. समुपदेशन झाले होते, सही खरी होती, जबरदस्ती नव्हती. बाळ दत्तकसंस्थेत गेले.

परंतु कायदा या सहीवर लगेच विश्वास ठेवत नाही. तो आईला फेरविचारासाठी दोन महिने देतो. ते दोन महिने संपेपर्यंत बाळ दत्तक देण्यास मोकळे होत नाही.

शेहेचाळिसाव्या दिवशी ती एस. टी.ने एकटीच आली. हातात त्या लेखाची प्रत, घडी घालून घालून मऊ झालेली.

“बाई, माझं लेकरू मला परत पाहिजे.”

“बस आधी. पाणी पी. राहतेस कुठं आता?”

“मावशीकडं. ती म्हणाली, घेऊन ये.”

प्रकरण समितीपुढे गेले. बाळ संस्थेत गुटगुटीत झाले होते. दत्तक घेऊ पाहणाऱ्या सुशिक्षित, सुस्थितीतल्या जोडप्यांची रांग केवढी लांब आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. एक सदस्य कळवळून म्हणाल्या, “अहो, पण बाळाचं भलं कशात आहे, ते बघायला नको का?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणत्याही सहृदय माणसाच्या मनात तेच येईल.

मी कायद्याचे कलम वाचून दाखवले. या मुदतीत आई परत आली, तर समितीने योग्य ती चौकशी करून बाळ तिच्याकडे देखरेखीखाली राहू द्यावे, अशी त्यात सोय आहे. चौकशी कशाची? तिच्याकडे बाळ सुरक्षित राहील की नाही, याची. दुसरे घर अधिक श्रीमंत आहे की नाही, याची नव्हे. नाहीतर निम्म्या महाराष्ट्रातली मुले उचलून उरलेल्या निम्म्याला द्यावी लागतील!

सामाजिक कार्यकर्ती मावशीचे घर पाहून आली. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, दारात तुळस, आणि मावशी खमकी. अहवाल चांगला आला. मुदत संपायच्या आत बाळ आईच्या कुशीत गेले. शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपयांची मदत मिळू शकते. तोही अर्ज त्याच दिवशी भरून घेतला.

सगळ्याच हकीगती अशा गोड होत नाहीत. एका शिक्षिकेने नऊ वर्षांच्या मुलाला समोर आणले, तेव्हा त्याच्या पाठीवरचे डाग मोजवत नव्हते. आजी पदर पसरून म्हणत होती, “घरातलं भांडण आहे हो, घरातच राहू द्या.” तिथे मी घराच्या विरुद्ध उभी राहिले. कुटुंब हे मुलासाठी असते. मूल कुटुंबाच्या अब्रूसाठी नसते. मूल बालगृहात गेले आणि पहिल्या रात्री शांत झोपले, असे अधीक्षकांनी कळवले. दारिद्र्य आणि क्रौर्य यांतला फरक ओळखणे, एवढेच खरे तर या कामातले शहाणपण.

आता थोडे तुमच्या-आमच्या घरांविषयी.

मूल नसलेले एक भले जोडपे एकदा माझ्याकडे पेढे घेऊन आले. कुठल्याशा इस्पितळात ‘बाळ मिळत होते’. जन्मदाखल्यावर थेट यांचेच नाव लागणार होते. मी फक्त कागद ‘बघून’ द्यायचे. त्यांना म्हटले, पेढे घरी न्या. टाकलेले वा सोडून दिलेले मूल कायद्याची रीत डावलून दत्तक देणे-घेणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे देऊन मूल घेतले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

“पण सरळ मार्गानं वर्षानुवर्षं थांबावं लागतं हो!” त्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दत्तकासाठी केंद्रीय प्राधिकरणाकडे नाव नोंदवल्यावर काही वर्षे जातात, आणि त्यांतले प्रत्येक वर्ष त्या घरात किती लांब असते, हे मी पाहिले आहे. परंतु मी त्यांना त्या एस. टी.ने आलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. इस्पितळाच्या मागच्या दाराने बाळ गेले असते, तर शेहेचाळिसाव्या दिवशी तिने कुणाचे दार ठोठावले असते? खोट्या दाखल्यात आईचे नावच नसते. मग तिला मुदत कुठली? आणि उद्या ते मूल मोठे होऊन आपले मूळ शोधू लागले, तर त्याच्या हाती काय लागणार?

दोघे बराच वेळ गप्प होते. पुढे त्यांनी रीतसर नाव नोंदवले.

कायदा सावकाश चालतो म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. पुष्कळदा ती ठेवायलाच हवीत. आमच्या खात्यातही माणसे कमी आणि फायली जास्त आहेत. पण हे दोन महिने म्हणजे दिरंगाई नव्हे. ज्या बाईला जगात कुणीच वेळ दिला नाही, तिला कायद्याने दिलेला तो वेळ आहे.

तेव्हा एवढे लक्षात असू द्या. रस्त्यावर, स्टेशनवर, कुणाच्या घरी भांडी घासताना असे एखादे मूल दिसले, तर १०९८ हा क्रमांक फिरवा; पैसे पडत नाहीत. आणि ‘बाळ मिळतंय’ असे कुणी कानात सांगितले, तर आधी एकच विचारा: “त्याच्या आईला विचार करायला वेळ दिलात का?”