चित्रांतील जेन एअर

मूळ कादंबरी सोडून मुलें चित्रकथा वाचतात, यास वाचन म्हणावें काय, असें पालक आम्हांस विचारतात. शार्लट ब्राँटेबाईंची 'जेन एअर' ही १८४७ सालची प्रेमकथा घ्या. 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन मालेनें १९४७ सालीं ती चित्ररूपानें काढिली. पुढें इतरांनींही काढिली.

दहा वर्षांची पोरकी जेन तांबड्या खोलींत कोंडली जाते आणि आरशांतील आपल्याच आकृतीस बिचकते. पुढें ज्या चेस्टनटच्या झाडाखालीं रॉचेस्टर तिला मागणी घालतो, तेंच त्या रात्रीं विजेनें दुभंगतें. असे प्रसंग चित्रकारास आयतेच लाभतात. एका चौकटींत, शब्दावांचून, अरिष्टाची चाहूल लागते.

परंतु एके ठिकाणीं चित्र फसवितें. जेन रूपानें सामान्य, रॉचेस्टरही देखणा नव्हे. दोघांची ओढ मनाची आहे, आणि तोच कथेचा प्राण. चित्रकारास मात्र नायिका सुंदर काढण्याचा मोह पुष्कळदां आवरत नाहीं. (गिऱ्हाइकासही तशीच हवी असते!) शिवाय सारी कथा जेन स्वतः सांगते, तिचें तें बोलणें चौकटीवरील दोन ओळींत कसें मावावें?

म्हणून आम्ही वर्गांत आधीं मूळ उतारा वाचतों, मग चित्र दाखवितों. यंदां मागील बाकावरून आवाज आला, "सर, ही जेन नव्हे!"