वणव्याचा धूर आणि शिकाऱ्याचा दम



मागच्या महिन्यात विहारातल्या आरोग्य वर्गाला नववीतला एक मुलगा आईसोबत आला होता. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या डोंगरात एक माणूस शिकारीला निघालेला. अंगात झाडपाल्याच्या रंगाचे कपडे, खांद्याला धनुष्य, पाठीवर ओझे आणि तोंडावर आपण करोनात लावत होतो तसा एन-95 मास्क. मागचा डोंगर दिसतच नव्हता, नुसता राखाडी पडदा. मुलगा म्हणाला, "ताई, जंगलात तर शुद्ध हवा असते ना? मग याला मास्क कशाला?"

प्रश्न चांगला आहे. शिकार करावी की करू नये, हा आजचा विषय नाही. विषय धुराचा आहे आणि धुरात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या छातीचा आहे. त्यासाठी त्या शिकाऱ्याच्या मुलखात जाऊन येऊ.

अमेरिकेच्या पश्चिम भागात मोंटाना, आयडाहो, ओरेगॉन, कॅलिफोर्निया ही मोठ्या जंगलांची राज्ये आहेत. तिथे उन्हाळा कोरडा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये वीज पडून किंवा माणसाच्या चुकीने वणवे लागतात आणि अनेकदा पाऊस किंवा बर्फ पडेपर्यंत जळत राहतात. शिकारीचा हंगामही त्याच वेळी सुरू होतो. मोंटानात धनुष्यबाणाने एल्क मारण्याचा हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचे, पण त्याहून मोठे हरीण. तिथल्या पुष्कळ कुटुंबांसाठी हा नुसता शौक नाही. एका मोठ्या एल्कचे हाडे काढलेले मांस ऐंशी-शंभर किलो भरते आणि घरातल्या फ्रीजरमध्ये हिवाळाभर पुरते. म्हणून धूर दिसत असूनही माणूस निघतो. वर्षभर वाट पाहिलेली असते, रजा काढलेली असते, परवान्याचे पैसे भरलेले असतात.

आता शरीराचे गणित पाहू. आपण शांत बसलेले असतो तेव्हा मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना हीच हवा चाळीस-पन्नास लिटरवर जाते, कधी त्याहूनही जास्त. शिवाय धाप लागली की माणूस तोंडाने श्वास घेतो. नाक मोठे कण अडवते, तोंड अडवत नाही. म्हणजे त्याच धुरात घरी बसलेल्या माणसापेक्षा चढण चढणाऱ्या माणसाच्या छातीत कित्येक पट धूर जातो.

धुरातला सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. त्याला पीएम 2.5 म्हणतात. हे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपल्या डोक्याचा केस यांच्या सुमारे तीसपट जाड असतो. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. त्यामुळे वणव्याच्या धुराने नुसता खोकला होत नाही. दमा उसळतो, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. आगीच्या अगदी जवळ कार्बन मोनॉक्साइड हा वायूही असतो. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवून बसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. करोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. कार्बन मोनॉक्साइडची बाधा या यंत्राला ओळखता येत नाही. रक्तात तो वायू भरलेला असतानाही आकडा 98 दिसू शकतो. धुरात राहिलेल्या माणसाचे डोके ठणकत असेल, गरगरत असेल, उलटी होत असेल, तो असंबद्ध बोलत असेल, तर आकड्यावर विसंबू नका. आधी त्याला उघड्या, स्वच्छ हवेत न्या आणि थेट दवाखाना गाठा.

मोंटानात सीली लेक नावाचे छोटे गाव आहे. तळ्याकाठी, डोंगरांच्या मधल्या दरीत. शिकार आणि मासेमारीसाठी लोक तिथे जातात. जुलै 2017 मध्ये गावाजवळच्या डोंगरात वीज पडून वणवा लागला आणि तो दीड लाख एकरांहून अधिक जंगलात पसरला. रात्री थंड झालेली जड हवा डोंगरावरून खाली उतरायची आणि धूर दरीत आणून साठवायची. सकाळी गाव धुरात बुडालेले असायचे. आरोग्य विभागाने लोकांना गाव सोडून दुसरीकडे राहण्याचा सल्ला दिला. पण सगळ्यांनाच जाणे जमले नाही. 1 ऑगस्ट ते 19 सप्टेंबर या काळात तिथल्या हवेत पीएम 2.5 चे प्रमाण दिवसाला सरासरी 220.9 मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 15 च्या वर जाऊ नये असे सांगते. म्हणजे जवळजवळ पंधरापट.

मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी गावातल्या 95 लोकांच्या फुप्फुसांची तपासणी सुरू केली. नळीत जोरात फुंकर मारायला लावून करतात ती तपासणी. धूर ओसरत होता तेव्हा, सप्टेंबर 2017 मध्ये, 10.2 टक्के लोकांची फुप्फुसे सामान्य पातळीच्या खाली होती. वर्षभराने पुन्हा तपासले तेव्हा हे प्रमाण 45.9 टक्के झाले होते. आकाश तोवर निळे झाले होते, हवा साफ होती आणि फुप्फुसे मात्र जास्त बिघडलेली होती. दोन वर्षांनीही हा आकडा 33.9 टक्के होता. गट लहान होता आणि त्यात वयस्कर माणसे बरीच होती, म्हणून हेच आकडे सरसकट सगळ्यांना लावता येणार नाहीत. पण इशारा स्पष्ट आहे. धूर जातो, त्याचा हिशेब मागे राहतो.

मी वॉर्डात नोकरी केली तेव्हा दम्याच्या, धापेच्या पेशंटकडून एक वाक्य रोज ऐकायचे. "सिस्टर, मला धुराची सवय आहे." चुलीपुढे तीस वर्षे काढलेली आई हेच म्हणायची आणि वीटभट्टीवरचा मजूरही हेच म्हणायचा. सवय नाकाला होते, डोळ्यांना होते. वास येईनासा होतो, पाणी यायचे थांबते. फुप्फुसाला मात्र सवय होत नाही. ते मुकाट्याने झिजत राहते.

जाणकार शिकारी धुराच्या दिवसांत काय करतात, ते शिकण्यासारखे आहे.

पहिले, निघण्याआधी ते सरकारी नकाशावर आग आणि धूर कुठे आहे ते पाहतात. आत डोंगरात मोबाईलला रेंज नसते. म्हणून कुठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार, कधी परतणार हे घरी सांगून ठेवतात.

दुसरे, यंत्र नसेल तर ते नजरेने अंदाज घेतात. ओरेगॉनसारख्या राज्यांत पाच-तीन-एक असा साधा ठोकताळा शिकवतात. सूर्याकडे पाठ करून ओळखीच्या खुणा पाहायच्या, एखादे शिखर किंवा टॉवर. पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटरपर्यंतचे दिसत नसेल, तर मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि आजारी माणसांनी बाहेर राहणे कमी करायचे. तीन मैलांच्या, म्हणजे पाच किलोमीटरच्या आतच दिसत असेल, तर सगळ्यांनीच बाहेरची मेहनत टाळायची. एक मैलाच्या पलीकडचे दिसेनासे झाले, तर कोणीच बाहेर थांबायचे नाही.

तिसरे, ते दरीच्या तळाशी तंबू ठोकत नाहीत. पहाटे धूर तिथेच साठतो आणि ऊन तापल्यावर वर उठतो. अडचण अशी की शिकारीची खरी वेळ पहाटेचीच असते.

चौथे, मास्क. साध्या कापडाने, ओल्या रुमालाने किंवा सर्जिकल मास्कने हे कण नीट अडत नाहीत. एन-95 अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. जंगलात आठवडाभर राहणारे शिकारी दाढी वाढवतात आणि दाढीवर मास्क बसत नाही. बाजूच्या फटीतून धूर आत जातो. मास्क लावून जोराचा चढ चढताना श्वास अपुरा वाटतो, तेव्हा वेग कमी करायचा, मास्क काढायचा नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, ते परत फिरण्याचा निर्णय बाण सोडण्याआधी घेतात. जनावर पडले की मांस टाकून येता येत नाही, तसे करणे मोंटानात कायद्याने गुन्हा आहे. मग शंभर किलोचे ओझे तीन-चार खेपांत पाठीवर वाहायचे. सगळ्यांत मोठे श्वास त्याच वेळी घेतले जातात. छातीत जडपणा, घरघर किंवा धडधड सकाळीच सुरू झाली असेल, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परतणे हेच शहाणपण.

पण परत फिरणे परवडावे लागते. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वने आगीच्या भीतीने सुमारे दोन आठवडे लोकांसाठी बंद केली गेली. शिकाऱ्यांचा हंगाम बुडाला, तेव्हा तिथल्या वन्यजीव विभागाने परवाना परत करण्याची सोय ठेवली. शिकारी घरी बसू शकला. त्याच धुरात द्राक्षे तोडणारा शेतमजूर मात्र घरी बसू शकत नव्हता, कारण बसला तर मजुरी बुडते. तिथल्या कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि 2019 मध्ये कॅलिफोर्नियात नियम आला. पीएम 2.5 चा हवा निर्देशांक 151 किंवा त्याहून वर गेला, तर मालकाने कामगाराचा धुराशी संबंध कमी करायचा, काम दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या वेळी हलवायचे आणि एन-95 मास्क स्वतःच्या खर्चाने द्यायचा. निर्देशांक 500 च्या वर गेला तर मास्क सक्तीचा. म्हणजे धुरापासून संरक्षण ही एकट्या मजुराची जबाबदारी न राहता मालकाचीही झाली.

आणखी एक गोष्ट. मोंटानातले सॅलिश आणि कूटनाई हे मूळनिवासी लोक पूर्वीपासून योग्य वेळ पाहून जंगलात छोट्या आगी लावत. त्याने वाळका पाचोळा जळून जायचा, नवे गवत यायचे, जनावरे चरायला यायची. 1910 मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले. त्यानंतर प्रत्येक आग ताबडतोब विझवायची असे सरकारी धोरण पक्के झाले आणि मूळनिवासींचे हे ज्ञान बाजूला पडले. जंगलात शंभर वर्षांचे जळण साठले. त्यात आता उन्हाळे जास्त तापू लागले आहेत. आजच्या मोठ्या वणव्यांमागे ही दोन्ही कारणे आहेत. ज्यांना अडाणी म्हणून गप्प केले, त्यांच्याकडून सरकारी खाती आज तेच शिकत आहेत.

हे सगळे आपल्या वस्तीत कशाला सांगायचे? कारण फुप्फुस सगळीकडे सारखेच असते. जानेवारी 2016 च्या अखेरीस मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि आसपासच्या वस्त्या धुरात गेल्या, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. विदर्भात मोह वेचायला आणि तेंदूपाने तोडायला माणसे जंगलात जातात, तोच वणव्याचा हंगाम असतो. गल्लीच्या टोकाला पेटवलेला कचरा तर बारमाही.

मोबाईलवर 'समीर' या सरकारी ॲपमध्ये हवेचा निर्देशांक दिसतो. तो पाहा, पण नुसत्या शब्दावर जाऊ नका. हवेत पीएम 2.5 चे प्रमाण 60 असेल, तर आपल्याकडे त्या हवेला 'समाधानकारक' म्हणतात. अमेरिकेच्या मापाने तीच हवा सगळ्यांसाठी 'आरोग्यास अपायकारक' ठरते. मोजमापाच्या पायऱ्या वेगळ्या आहेत, छाती तीच आहे.

म्हणून धुराच्या दिवशी एवढे करा. जड कामे, पाणी वाहणे, पोरांचे धावण्याचे खेळ धूर कमी असेल त्या वेळेवर ढकला. धूर ज्या बाजूने येतो तिकडची खिडकी बंद ठेवा, घरात अगरबत्ती आणि मच्छर कॉइल त्या दिवशी लावू नका. दम्याचा रोजचा पंप बरे वाटते म्हणून बंद करू नका. पदर किंवा गमछा तोंडाला बांधून धूर अडतो, असे समजू नका. छातीत दुखले, वाक्य पूर्ण बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा लहान मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर थांबू नका, 108 ला फोन लावा. घरातले कोणी झाडूकाम, कचरा वेचणे किंवा बांधकामावर असेल, तर एन-95 ठेकेदाराकडून मागा. एकट्याने मागितले तर कामावरून काढतील, म्हणून सगळ्यांनी मिळून मागा.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की बाळा, मास्क लावलेला तो माणूस भित्रा नाही, त्याला त्याच्या छातीची किंमत कळली आहे. तो म्हणाला, "मग माझ्या बाबांना पण लागेल. ते कचरा गाडीवर आहेत." पुढच्या वर्गाला त्याचे बाबा येणार आहेत. सोबत गाडीवरची आणखी चार माणसे आणणार आहेत.