आईच्या निरोपानें उघडणारा गीतसंग्रह

गीतसंग्रहाचा आरंभ कसा व्हावा याविषयीं कांहीं संकेत ठरून गेलेले आहेत. कोठें वाद्यांचा मेळ वाजतो, कोठें गायक पहिली ओळ आळवतो. १९९३ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका संग्रहाचा आरंभ मात्र अगदीं निराळा आहे. दूरध्वनीच्या यंत्रावर ठेवलेला एका आईचा निरोप प्रथम ऐकूं येतो. मुलीला कॅथॉलिक शाळेंत घातलें, पियानो शिकविला, नृत्य शिकविलें, महाविद्यालयांत धाडलें. आणि एवढें सारें करून तिच्या तोंडीं आली ती ही शिवराळ भाषा, असा त्या निरोपाचा आशय आहे. निरोप संपतो आणि मुलगी बोलूं लागते : पिस्तुलांविषयीं, टोळ्यांविषयीं, सूडाविषयीं. संग्रहाचें नांव ‘बॉर्न गँगस्टाज’, म्हणजे जन्मजात गुंड. मुलीनें घेतलेलें नांव ‘बॉस’. आणि त्या नांवांतील शेवटच्या दोन अक्षरांच्या जागीं ती डॉलरच्या दोन खुणा लिही.

हें गाणें कोणत्या जातीचें, तें आधीं पाहिलें पाहिजे. रॅप या प्रकारांत स्वरापेक्षां शब्दाला आणि तालाला अधिक मान आहे. ठेका अखंड चालूं असतो व त्यावर यमकांनीं बांधलेलें बोलणें वेगानें म्हटलें जातें. चाल मुळींच नसते असें नाहीं. परंतु ती बोलण्याच्या चढउतारांत दडलेली असते. १९७३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, जमेकाहून आलेला क्लाइव्ह कँपबेल नांवाचा तरुण दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवून, गाण्यांतील केवळ ठेक्याचा तुकडा पुन्हां पुन्हां वाजवूं लागला. कारण नाचणाऱ्यांना तो तुकडाच हवा असे. त्या ठेक्यावर उत्तेजनाचे चार शब्द बोलण्याची प्रथा पडली आणि त्या चार शब्दांचीं पुढें दीर्घ कवनें झालीं. गरीब वस्तींतील मुलांना यासाठीं महागडीं वाद्यें घ्यावीं लागलीं नाहींत, कीं गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें राहावें लागलें नाहीं. या कलेच्या प्रसाराचें रहस्य पुष्कळसें यांतच आहे.

१९८० नंतरच्या दशकांत ही कला पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिस येथें रुजली, तेव्हां तिचा रंग पालटला. त्या शहराच्या दक्षिण भागांतील मोटारींचे व टायरांचे मोठे कारखाने बंद पडले होते. कृष्णवर्णीय तरुणांना काम राहिलें नव्हतें. कोकेनपासून केलेलें ‘क्रॅक’ हें स्वस्त मादक द्रव्य गल्लोगल्लीं विकलें जात होतें, आणि तें विकण्याच्या हक्कासाठीं टोळ्या एकमेकींवर गोळ्या झाडीत होत्या. या जगाचें वर्णन करणाऱ्या कवनांना ‘गँगस्टा रॅप’ हें नांव पडलें. १९८८ सालीं ‘एन. डब्ल्यू. ए.’ या मंडळीच्या संग्रहानें हा प्रकार देशभर गाजविला. त्यांतील पोलिसांवर तुटून पडणाऱ्या एका गाण्याबद्दल अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्यानें १९८९ सालीं ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीला नापसंतीचें पत्र धाडलें होतें.

या कवनांत एक मेख आहे. तीं जवळजवळ सर्व प्रथमपुरुषीं आहेत. कवि ‘त्यानें गोळी झाडली’ असें म्हणत नाहीं. ‘मीं झाडली’ असें म्हणतो. आपण वस्तीचे वार्ताहर आहोंत, जें दिसतें तें सांगतों, असा या कवींचा दावा असे. ऐकणाऱ्यांनीं मात्र त्या ‘मी’चा अर्थ शब्दशः घेतला, आणि ही समजूत विक्रीला पोषक असल्यामुळें ती दूर करण्याची घाई कोणाला नव्हती. अशा रीतीनें गाणाऱ्याच्या अंगीं कविगुणांबरोबर गुन्ह्याचा पूर्वेतिहासहि असावा, अशी एक विलक्षण अट या कलेंत शिरली.

स्त्रीला या कवनांत जागा होती, पण ती बहुधा शिवी खाणारीची. न्यूयॉर्कची एम. सी. लाइट व न्यू जर्सीची क्वीन लतीफा यांनीं १९८८ व १९८९ सालच्या आपापल्या संग्रहांतून चातुर्यानें आणि स्वाभिमानानें स्वतःची जागा निर्माण केली. बॉसनें निराळा मार्ग धरला. पुरुषांनीं आपल्यासाठीं राखून ठेवलेली बंदूकधाऱ्याची भूमिकाच तिनें उचलली. घोगरा, दाबलेला आवाज, शब्दांवर पक्की पकड आणि दयामाया नसलेला पवित्रा यांमुळें तिचें बोलणें कोणत्याहि पुरुषापुढें फिकें पडलें नाहीं.

तिचें खरें नांव लिशेल लॉज. मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरांत १९६९ सालीं तिचा जन्म झाला. शिक्षण अर्धवट टाकून, डी नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मैत्रिणीबरोबर ती लॉस एंजेलिसला गेली. तेथें कांहीं काळ त्या दोघींना राहावयास घर नव्हतें. पुढें ‘डेफ जॅम’ या नामांकित कंपनीच्या पश्चिमेकडील शाखेनें तिच्याशीं करार केला आणि संग्रह निघाला. अमेरिकेच्या सर्वसाधारण विक्रीच्या यादींत तो बाविसाव्या क्रमांकापर्यंत चढला. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादींत तिसऱ्या. त्यांतील ‘डीपर’, म्हणजे ‘आणखी खोल’, हें गाणें रॅप गाण्यांच्या यादींत पहिलें आलें.

संग्रहाची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. आरंभीं आईचा निरोप, तसा अखेरीस वडिलांचा. मधल्या साऱ्या गोळीबाराला जणूं या दोन निरोपांचा कंस पडला आहे. मुलगी जन्मजात गुंड असल्याचें संग्रहाचें नांव सांगतें आणि तें खोटें असल्याची साक्ष पहिल्याच मिनिटाला आई देते. ही साक्ष लपविलेली नाहीं. ती मुलीनें स्वतः तेथें ठेवली आहे. ऐकणाऱ्याला ती एका अर्थीं सांगते कीं, जें पुढें येईल तें सोंग आहे. पण सोंग हुबेहूब वठलें कीं नाहीं तें पाहा.

आश्चर्य असें कीं, हें कोणी ऐकलेंच नाहीं. १९९४ सालच्या आरंभीं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या प्रतिष्ठित आर्थिक वृत्तपत्रानें तिच्यावर मोठा लेख छापला. ही गुंड स्त्री वस्तुतः सुस्थितींतील घरची, कॅथॉलिक शाळेंत शिकलेली मुलगी आहे, असा त्याचा रोख होता. जें तबकडीच्या पहिल्याच भागांत उघड होतें, तें गौप्यस्फोट म्हणून फिरलें, आणि तिच्यावर ढोंगाचा आरोप आला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत अमेरिकेच्या विधिमंडळांत या कवनांच्या दुष्परिणामांविषयीं साक्षी घेतल्या जात होत्या. एकीकडे हीं कवनें खरीं आहेत म्हणून भय, आणि दुसरीकडे एका स्त्रीचीं कवनें खरीं नाहींत म्हणून निंदा, असा तो चमत्कारिक काळ होता.

या आरोपाचा तोल तपासून पाहणें अवश्य आहे. एन. डब्ल्यू. ए. मंडळींतील सर्वांत तिखट शब्द लिहिणारा आइस क्यूब १९८७ सालीं गाणें बाजूला ठेवून फीनिक्स शहरीं वास्तुरेखनाचा अभ्यास करावयास गेला होता आणि वर्षभरानें परतला. त्यानें त्याच्या कीर्तीला बाध आला नाहीं; उलट माणूस हुशार, एवढेंच ठरलें. तीच सवलत लिशेलला मिळाली नाहीं. पुरुषाच्या बाबतींत शाळा ही भूषण ठरली, स्त्रीच्या बाबतींत ती पुरावा ठरली.

शिवाय ढोंगाचा आरोप पुरता खराहि नव्हता. सुखवस्तु घर सोडल्यानंतरची निराधार अवस्था तिनें भोगलेली होती. पियानोचे धडे खरे आणि उघड्यावर काढलेल्या रात्रीहि खऱ्या. मनुष्याचें आयुष्य एका शब्दांत मावत नाहीं, हें घराघरांत सर्वांना ठाऊक असतें. केवळ बाजाराला तें मान्य नसतें. बाजाराला एक नांव, एक चेहरा आणि एकच कहाणी लागते.

म्हणून या संग्रहांतील हिंसेचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. त्यांतील पुष्कळ शब्द कानांना असह्य आहेत, आणि आईचा निरोप तक्रारीचाच आहे, हें विसरतां येत नाहीं. परंतु नाटकांतील खलनायकाला प्रेक्षक खुनी ठरवीत नाहींत, कीं त्यानें खून केला नाहीं म्हणून त्याला दोषहि देत नाहींत. हा साधा न्याय गरीब वस्तींतून आलेल्या कलेला क्वचितच लावला जातो. तिच्याकडून कला मागितली जात नाहीं. जखम दाखवा, असें म्हटलें जातें.

त्या कंपनीकडून बॉसचा दुसरा संग्रह निघाला नाहीं. पुढें तिनें टेक्सासमधील डॅलस शहरीं नभोवाणीवर काम केलें. मूत्रपिंडाच्या विकारानें ती दीर्घकाळ आजारी होती. ११ मार्च २०२४ रोजीं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं तिचें निधन झालें. मागें राहिला तो एक संग्रह. तो लावला कीं आजहि आधीं आईच बोलते. आणि ज्याला लिशेलला समजून घ्यावयाचें असेल त्यानें तो निरोप वगळून पुढें जाऊं नये.