विमा होडीला, जाळे वाऱ्यावर

देशातील कोणत्याही मासेमारी बंदराच्या फाटकाबाहेर सकाळी दुचाकींची रांग लागलेली असते. त्यांतील प्रत्येक दुचाकीचा इंजिन क्रमांक सरकारदरबारी नोंदलेला असतो आणि मालकाने सर्वंकष पॉलिसी घेतली असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर भरपाईही मिळते. फाटकाच्या आत, वाळूवर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होडीला मागे लावलेले आऊटबोर्ड इंजिन बहुधा त्या दुचाकीपेक्षा महाग असते. होडीतले जाळे कधीकधी इंजिनापेक्षाही महाग असते. ही दोन्ही रात्रीतून नाहीशी झाली, तर मालकाच्या हाती पोलीस ठाण्यातील तक्रारीच्या प्रतीखेरीज फारसे काही उरत नाही. एकाच कुटुंबाच्या दोन मालमत्तांना मिळणाऱ्या वागणुकीतील ही तफावत मला मत्स्यव्यवसायविषयक धोरणातील एक दुर्लक्षित दोष वाटते.

मासेमारीच्या साधनांची चोरी ही राष्ट्रीय बातमी होत नाही. जिल्हा पानावर चार ओळींत ती संपते. चोरीला जाणाऱ्या वस्तूही सुट्या आणि सहज विकता येण्याजोग्या असतात: इंजिन, बॅटरी, जीपीएस, मासळीचा थवा दाखवणारे इको साउंडर, वायरलेस संच, नौकेचा पितळी पंखा, टाकीतील डिझेल. जाळ्याच्या तळाशी बांधलेली शिशाची वजनेही कापून नेली जातात, कारण भंगाराच्या दुकानात शिशाला नेहमीच गिऱ्हाईक असते. शिसे काही शे रुपयांचे असेल. पण ते काढताना फाडलेले जाळे दुरुस्त करायला आठवडा जातो.

खरे नुकसान त्या आठवड्यात होते. आपल्याकडील बहुतांश लहान नौकांवर खलाशी पगारावर नसतात. इंधन आणि बर्फाचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नात त्यांचा वाटा असतो. होडी किनाऱ्यावर अडकली की मालकासह चार-सहा घरांची चूल मंदावते. नवे इंजिन घेण्यासाठी बँकेचे कर्ज वेळेवर मिळत नाही, म्हणून मालक लिलाव करणाऱ्या दलालाकडे जातो. दलाल पैसे देतो, पण यापुढची मासळी त्याच्याच हाती, त्याच्याच दलालीने विकायची, या अटीवर. एका रात्रीच्या चोरीने असा मच्छीमार आपल्या मालाची किंमत ठरवण्याचा हक्क कित्येक वर्षांसाठी गमावतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. 2016 च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेनुसार देशात सुमारे 1 लाख 66 हजार मासेमारी नौका होत्या. त्यांपैकी 97 हजारांहून अधिक नौका मोटर बसवलेल्या लहान होड्या होत्या आणि सुमारे 26 हजार होड्यांना मोटरही नव्हती. म्हणजे चारांतील तीन नौका लहान मच्छीमारांच्या. त्यांच्याजवळ पोलादी दरवाजाची केबिन नसते, राखणदार नसतो आणि पुष्कळदा बंदराचा धक्काही नसतो. उघडा किनारा हेच त्यांचे कोठार.

मग विमा का नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. मासेमारी नौकांचा विमा आपल्याकडे सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्या कित्येक वर्षांपासून देत आल्या आहेत. परंतु या पॉलिसींच्या अटी वाचताना मला त्यांतील एका शब्दप्रयोगाने थांबवले. लंडनच्या विमा बाजारात घडलेली आणि जगभर वापरली जाणारी मासेमारी नौकांची प्रमाण कलमे चोरीचा धोका स्वीकारतात, पण फक्त नौकेबाहेरील व्यक्तींनी केलेली ‘हिंसक चोरी’. आपला 1963 चा सागरी विमा अधिनियमही ब्रिटनच्या 1906 च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्याच्या परिशिष्टात ‘चोर’ या शब्दाचा अर्थ लावताना म्हटले आहे, की त्यात गुपचूप केलेली चोरी येत नाही आणि नौकेवरील माणसांनी केलेली चोरीही येत नाही. पॉलिसीत वेगळे काही स्पष्टपणे लिहिले नसेल, तर हाच अर्थ गृहीत धरला जातो.

वस्तुतः किनाऱ्यावरची चोरी गुपचूपच होते. मालक झोपलेला असताना, कोणालाही धक्का न लावता चोर इंजिनाचे दोन स्क्रू सैल करतो आणि निघून जातो. कायद्याच्या जुन्या भाषेनुसार ही चोरी विम्याच्या दृष्टीने चोरीच ठरत नाही. शिवाय जाळ्यांचे संरक्षण सर्वसाधारणपणे नौकेच्या भवितव्याशी बांधलेले असते. संपूर्ण नौका बुडाली तर जाळ्याचा विचार होतो. नौका शाबूत राहून जाळे गेले, तर दावा उभा राहणे कठीण.

हे अपरिहार्य आहे, असेही नाही. त्याच लंडनच्या बाजारातील विहारनौकांसाठीची, म्हणजे हौशी नौकामालकांच्या यॉटसाठीची, कलमे पाहावीत. नेहमीच्या जोडणीखेरीज वेगळे चोरीरोधक कुलूप लावून आऊटबोर्ड मोटर नौकेला बांधलेली असेल, तर तिच्या चोरीची भरपाई ती कलमे मान्य करतात. साठवणुकीची जागा फोडून साधने नेली, तरीही संरक्षण मिळते. सुटीच्या दिवशी समुद्रात फेरफटका मारणाऱ्याच्या मोटरीसाठी विमा उद्योगाला जी अट सुचली, ती पोटासाठी समुद्रात जाणाऱ्याच्या मोटरीसाठी सुचू नये, याला तांत्रिक कारण नाही. मागणी करणाऱ्याचा आवाज पोहोचला नाही, एवढेच कारण.

‘हिंसक चोरी’ची अट पूर्ण होते अशीही ठिकाणे देशात आहेत. तामिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यात, वेदारण्यम आणि कोडियक्करै परिसरातील मच्छीमारांना भर समुद्रात अडवून, मारहाण करून जीपीएस, जाळी, इंजिने आणि मोबाइल हिसकावल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत वारंवार घडल्या आहेत. हल्लेखोर श्रीलंकेच्या बाजूने आल्याचे मच्छीमार सांगतात. त्यांच्यापुढे अडचण उलटी आहे. गुन्हा हिंसक आहे, पण साक्षीदार सोबतचे खलाशीच असतात आणि गेलेल्या वस्तूची पावती, क्रमांक किंवा छायाचित्र क्वचितच जपलेले असते. किनाऱ्यावर पुरावा आहे तर कलम नाही. समुद्रात कलम आहे तर पुरावा नाही.

केंद्र सरकारने मच्छीमारांच्या जीविताचा विचार केला आहे, हे मान्य करायला हवे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समूह अपघात विम्याचा संपूर्ण हप्ता सरकार भरते; मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख रुपये मिळतात. नौकांच्या विमा हप्त्यासाठी साहाय्याचीही तरतूद याच योजनेत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या पालघरमधूनच 364 कोटी रुपयांच्या नौका दळणवळण प्रणालीचा आरंभ झाला; 13 किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याचा तो संकल्प आहे. मात्र या साऱ्यांत माणूस आहे, नौका आहे. तिच्यावरची सुटी साधने नाहीत. ट्रान्सपाँडर नौका कुठे आहे ते सांगतो. तिच्यावरून उतरवलेले जाळे कुठे गेले, ते त्याला ठाऊक नसते.

विम्याची पोकळी सरकारी तिजोरीतून भरण्याची सवय आपल्याला लागली आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात रात्री आग लागून सुमारे चाळीस नौका जळाल्या. आंध्र प्रदेश सरकारने नौकांच्या किमतीच्या 80 टक्के भरपाई जाहीर केली. ते योग्यच होते. पण आग दूरचित्रवाणीवर दिसते, म्हणून मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचते. एकेका किनाऱ्यावरून महिन्याकाठी जाणारे एखादे इंजिन कोणाच्याही पडद्यावर दिसत नाही. अनुदान प्रसंगाच्या आकारावर अवलंबून राहते आणि विमा कराराच्या शब्दावर. लहान मच्छीमाराला दुसऱ्याची गरज अधिक आहे.

विमा कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. जाळे खरोखर चोरीला गेले, खडकात अडकून फाटले की नातेवाइकाच्या अंगणात ठेवले, हे चाळीस किलोमीटरवरच्या शाखेत बसलेला अधिकारी कसे ठरवणार? सर्वेक्षकाची एक फेरीच लहान दाव्याच्या रकमेचा मोठा भाग खाऊन टाकते. म्हणून नुसते ‘चोरीचा समावेश करा’ असे फर्मान काढल्यास हप्ता वाढेल किंवा दावे अडतील. आधी वस्तूची ओळख पटली पाहिजे, मग तिचा विमा.

ओळखीचा पाया मात्र अंशतः घातला गेला आहे. नौकांची ऑनलाइन नोंदणी होते आणि राज्यानुसार त्यांचे रंग ठरलेले आहेत. केरळमध्ये अनुदानित केरोसिनच्या परवान्यासाठी होड्या आणि इंजिनांची संयुक्त तपासणी केली जाते. म्हणजे इंधन देताना सरकार इंजिन ओळखते. ते चोरीला गेल्यावरच अनोळखी ठरते. हीच नोंद पोलीस, दुरुस्ती केंद्रे आणि जुन्या इंजिनांच्या विक्रेत्यांना पाहता आली, तर चोरलेले इंजिन विकणे अवघड होईल. जाळ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2018 मध्ये खुणांकनाची स्वेच्छा मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांचा प्रदूषणकारी मालक शोधणे हा त्यांचा मुख्य हेतू. पण जी खूण बेफिकीर मालकाला शोधते, तीच चोरीला गेलेल्या जाळ्याच्या मालकालाही शोधू शकते.

या पायावर तीन गोष्टी उभ्या करता येतील. पहिली, साठवण. मत्स्यसंपदा योजनेतून बंदरे आणि मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर सुविधा उभारल्या जातात. त्यांत कुलूपबंद साधनगृह, दिवे आणि राखणदार अनिवार्य करावेत. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका सलग 61 दिवस उभ्या असतात. सरकारच्या आदेशाने नौका थांबत असतील, तर त्या काळातील राखणीची जबाबदारी सरकारने झटकणे न्याय्य नाही.

दुसरी, पॉलिसीतील शब्द. हप्त्याला सरकारी साहाय्य मिळणाऱ्या प्रत्येक नौका पॉलिसीत, कुलूपबंद किंवा साधनगृहात ठेवलेल्या नोंदणीकृत साधनांच्या गुपचूप चोरीचाही समावेश असावा. सरकार हप्त्याचा वाटा उचलत असेल, तर कराराच्या मजकुरावर बोलण्याचा अधिकारही त्याला आहे.

तिसरी, सहकार. शाखेतील अधिकाऱ्याला जे कळत नाही, ते गावातील सोसायटीला कळते. कोणाचे जाळे कोणत्या अंगणात आहे, हे तिथे लपत नाही. केरळची मत्स्यफेड आणि अनेक राज्यांतील मच्छीमार सहकारी संस्था सभासदांना साधनांसाठी कर्ज देतातच. लहान दावे सोसायटीच्या सामायिक निधीतून आणि मोठे दावे विमा कंपनीकडून, अशी दोन थरांची रचना केली तर सर्वेक्षणाचा खर्च घटेल आणि खोट्या दाव्याला शेजाऱ्यांचाच चाप बसेल. जपानने 1952 च्या कायद्याने मासेमारी नौकांचा विमा अशाच परस्पर साहाय्याच्या संस्थांवर, शासनाच्या पाठबळासह उभा केला.

राहिला प्रश्न पोलिसांचा. राज्यघटनेने प्रादेशिक जलधीतील मासेमारी राज्यांकडे आणि त्यापलीकडची केंद्राकडे सोपवली आहे. तक्रारदार मात्र हद्दीच्या वादात हेलपाटे घालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली माहितीही तीन दिवसांत स्वाक्षरी केल्यास नोंदली जाते. किनारी पोलीस ठाण्यांनी एवढे पाळले, तरी दाव्यासाठी लागणारा पहिला कागद वेळेवर हाती येईल.

नीलक्रांतीचे यश आपण मासळीच्या टनांत आणि निर्यातीच्या रुपयांत मोजतो. ती मासळी ज्या जाळ्यातून येते, ते हरवल्यावर मालक दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारात उभा राहतो, हेही मोजायला हवे. ते दार दलालाचे असेल, तोवर आपल्या मत्स्यधोरणात एक भोक आहे आणि त्यातून सर्वांत लहान मच्छीमारच निसटतो.