लेकराचा पहिला सिनेमा : कान जपा, मनही जपा

सुट्टी लागली की वस्तीतली चार घरं मिळून साताऱ्याला नाहीतर सांगलीला सिनेमाला जातात. दिवे मालवतात, पहिलाच धडाका होतो आणि तीन वर्षांचं लेकरू किंचाळायला लागतं. मागचे लोक कुरकुरतात, बाप डोळे वटारतो. आई लेकराला कडेवर घेऊन उरलेला सिनेमा बाहेर पायऱ्यांवर बसून काढते. तिकिटाचे पैसे वाया जातात, एखादा धपाटाही बसतो. यात लेकराची चूक काय? काहीच नाही.

आपल्या आजी-आजोबांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमे पाहिले. तिथे पोर रडलं तर कनात वर करून बाहेर पडता यायचं. आजचं थेटर चारी बाजूंनी बंद असतं, आत पूर्ण अंधार असतो आणि पुढे, बाजूला, मागे स्पीकर असतात. मोठ्या माणसाला यात मजा वाटते. लहान पोराला मात्र पडद्यावरचं खरं की खोटं हे नीट कळत नाही. पुढचा वाघ आपल्याच अंगावर येतोय असं त्याला वाटतं.

आवाज किती?
आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवडाभराचा वाटा सव्वा तासात संपतो. थेटरात सगळा वेळ एवढा आवाज नसतो, पण मारामारीच्या आणि स्फोटाच्या प्रसंगात तो १०० च्या वरही जाऊ शकतो. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशींमुळे आपल्याला ऐकू येतं, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर लेकरू खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

केव्हा न्यावं?
दोन वर्षांखालच्या बाळाला कुठलाच पडदा नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. म्हणून चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबलेलं बरं. तिकीट काढण्याआधी प्रमाणपत्र बघा. 'यू' म्हणजे सर्वांसाठी. २०२४ पासून 'यूए' चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. 'ए' सिनेमाला अठराच्या आतल्यांना प्रवेशच नसतो. पहिल्या वेळी 'यू' आणि कमी लांबीचा सिनेमा निवडा. शो दिवसाचा असावा आणि लेकराच्या झोपेच्या वेळेत येऊ नये.

जाण्याआधी आणि आत
विहारात किंवा समाजमंदिरात पडद्यावर सिनेमा दाखवतात, तेव्हा लेकराला आधी तिथे बसवून बघा. वंदनेला शांत बसायची सवय असेल तर ती इथे कामी येते. "आत अंधार असेल, आवाज मोठा असेल, भीती वाटली तर आपण लगेच बाहेर जाऊ," असं घरीच सांगा आणि तो शब्द पाळा. बाहेर कोण जाणार हेही आधी ठरवा. दर वेळी आईनेच का उठावं? बापाने, काकाने, आत्यानेही उठावं.

पुढच्या रांगा आणि भिंतीलगतच्या खुर्च्या टाळा. मधल्या वाटेजवळची खुर्ची घ्या. बाहेर पडायचं दार कुठे आहे ते दिवे चालू असतानाच बघून ठेवा. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. कानावर बसणारे इअरमफ मिळाले तर उत्तम, नाहीतर मोठ्या आवाजाला हातांनी कान झाका. चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न आणि शेंगदाणे देऊ नका, अंधारात घशात अडकतात. फिट येणाऱ्या मुलाला नेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण लुकलुकत्या उजेडाने काही मुलांना फिट येते.

घरी आल्यावर
रात्री दचकणं, एखाद्या वेळी अंथरूण ओलं करणं असं घडू शकतं. रागावू नका, हसू नका. "काय बघून भीती वाटली?" असं जवळ घेऊन विचारा, त्याचं चित्र काढायला लावा. बहुधा काही दिवसांत भीती जाते. पण कान दुखणं, कानात शिट्टी वाजणं, हाक मारल्यावर न बघणं किंवा बोलायला उशीर होणं असं काही दिसलं, तर वाट बघत बसू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगा. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय किंवा सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय इथे कान दाखवून घ्या.

अर्ध्यातून उठावं लागलं तरी कमीपणा मानू नका. सिनेमा पुन्हा बघता येतो, पण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.