गार्नेटच्या पोटातले हिरे

कबनूर गावाच्या आसपास विहीर खणताना किंवा दगडाच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या पाषाणातल्या पोकळीत कधीकधी लखलखीत स्फटिक दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, हिरा! असतात त्या गारा, नाहीतर झिओलाइट नावाची खनिजे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून हे स्फटिक वाढले. त्यांना खोली लागत नाही. हिऱ्याला लागते.

ती किती? कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे येथे 2017 मध्ये खोदलेले विवर तीन किलोमीटर खाली गेले. त्यात वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, निघाला आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. रशियातले कोला येथील विवर बारा किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. हिऱ्यासाठी साधारण 120 किलोमीटर खालचा दाब हवा, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ चाळीस हजार पट. एवढा दाब नसेल तर त्याच कार्बनचे मऊ ग्रॅफाइट बनते.

दागिन्यांतले हिरे बहुतेक याहून खोल, 150 ते 200 किलोमीटरवर, जुन्या भूखंडांच्या मुळाशी तयार झालेले असतात. किंबरलाइट व त्याच्या जवळच्या जातींच्या शिलारसाने ते अतिशय वेगाने वर आणले. मध्य प्रदेशातल्या पन्नाचे हिरे असेच आले. आपला बेसाल्टही खालूनच आला, पण त्याचा रस कमी खोलीवर वितळला आणि वाटेत कवचात साचत, निवत वर आला. अशा प्रवासात हिरा टिकत नाही.

हिऱ्यांची आणखी एक जात आहे आणि मला ती पन्नाच्या हिऱ्यांहून थोर वाटते. उत्तर कझाकस्तानात कोकचेताव नावाचा प्रदेश आहे. तिथल्या खडकांत हिरे असल्याची कुणकुण सोव्हिएत भूवैज्ञानिकांना आधीपासून होती. 1990 मध्ये सोबोलेव्ह आणि शात्स्की यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की ते हिरे गार्नेट आणि झिरकॉन या खनिजांच्या पोटात, जागच्या जागी वाढलेले आहेत. बहुतेक हिरे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. अंगठीत बसवण्याजोगा एकही नाही. पण ज्या खडकात ते आहेत, तो एके काळी भूपृष्ठावरचा गाळ होता!

पुस्तकांत पूर्वी शिकवले जाई की भूखंडांचे कवच हलके असते, ते फार खाली जात नाही. कवचाची घनता पाण्याच्या सुमारे 2.7 पट, खालच्या प्रावरणाची 3.3 पट. पाण्यात दाबलेल्या ओंडक्यासारखे ते वर उसळणार, हा हिशेब चूक नव्हता. पण समुद्रतळाचा जड भूपट्ट खाली सरकताना मागे जोडलेल्या खंडाची कडही सोबत ओढून नेतो. कोकचेतावचा गाळ असाच सुमारे 53 कोटी वर्षांपूर्वी खाली गेला. जाताना त्याने सेंद्रिय कार्बन, चुन्याची खनिजे आणि पाणी सोबत नेले. हजार अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्या दाबाखाली हे पाणी साधे पाणी राहत नाही. खडकातली द्रव्ये विरघळवून घेणारा दाट द्रव बनतो, आणि त्यातला कार्बन हिऱ्याच्या रूपात बाहेर पडतो. या हिऱ्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांमध्येही भूपृष्ठाच्या खुणा आढळतात.

अवघड काम पुढचे, परत वर येणे. दाब उतरला आणि खडक गरमच राहिला, तर हिऱ्याचे ग्रॅफाइट होऊ लागते. खडक झपाट्याने वर आला आणि हिरा गार्नेटच्या किंवा झिरकॉनच्या कणखर कवचात बंद राहिला, तरच तो वाचतो. म्हणून संशोधक आधी झिरकॉनचे कण वेचतात.

तिथेही जपून वागावे लागते. दगडाचे काप काढायला आणि त्यांना झिलई द्यायला हिऱ्याचीच पूड वापरतात. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या अतिप्राचीन झिरकॉनमध्ये हिरे सापडल्याचे जाहीर झाले आणि पृथ्वीच्या बाल्यावस्थेविषयी मोठे तर्क लढवले गेले. पुढच्या तपासात ते कण झिलईच्या लेपातले निघाले. त्यामुळे आता हिरा पृष्ठभागावर नव्हे, अखंड स्फटिकाच्या आत दाखवावा लागतो.

भारतात असे खोल जाऊन परत आलेले कवच लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरात आहे. 2001 मध्ये डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतल्या मुखर्जी आणि साचन यांनी तिथल्या खडकातून कोएसाइट नोंदवले. कोएसाइट म्हणजे आपल्या गारेचेच द्रव्य, पण साधारण 90 किलोमीटर खालच्या दाबाखाली दाट झालेले. 1953 मध्ये लोरिंग कोस यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि 1984 मध्ये क्रिस्टियाँ शोपँ यांनी आल्प्समध्ये ते गार्नेटच्या आत शोधले. लडाखचे कोएसाइटही गार्नेटच्याच पोटात आहे.

आणि तो खडक आपल्याच भूपट्टाचा आहे. कबनूरचा पाषाण थिजला तेव्हा भारत आशियाकडे सरकत होता. त्यानंतर दीडेक कोटी वर्षांनी त्याच भूमीची उत्तरेची कड आशियाखाली शिरली, नव्वदहून अधिक किलोमीटर खाली गेली आणि काही दशलक्ष वर्षांतच पुन्हा वर येऊ लागली. आज ती त्सो मोरीरीच्या काठी, साडेचार हजार मीटर उंचीवर उघडी पडली आहे.